पितळेचा आग्रह आणि मूळ मुलामा

जुना ग्रामोफोन दुरुस्तीला दिला की बहुतेक वेळा तो पिवळाधमक होऊन घरी येतो. झाकणाची बिजागरी, झाकण तोलून धरणारा टेकू, किल्लीच्या भोकाभोवतीची चकती, दारांच्या मुठी, टोनआर्म, साउंडबॉक्स, जे जे म्हणून धातूचे ते ते बफवर धरलेले असते. मालक खूश होतो, कारागिराला वर बक्षिसी मिळते आणि पाहुणे 'अगदी नव्यासारखा झाला' असा निर्वाळा देतात. या चकचकाटामागे एक भक्कम समज उभा आहे आणि तो केवळ नवख्यांचा नाही. संग्राहक, जुन्या वस्तूंचे व्यापारी, पॉलिशवाले आणि हौशी जाणकार असे सारेच तो बाळगून असतात. त्याचे खंडन करायचे आहे. पण आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, हा आपल्याकडचा शिरस्ता मोडायला नको.

पूर्वपक्ष असा. एक, जुन्या यंत्रांवरचे धातूकाम अस्सल पितळेचे असे. दोन, त्यावर आज दिसणारा काळेपणा म्हणजे शंभर वर्षांची घाण. तीन, यंत्र दुकानातून आले तेव्हा ते चमकत होतेच. म्हणून चमक आणणे म्हणजे त्याला मूळ रूपात आणणे. चार, वरचा थर गेला तरी बिघडत नाही, कारण आतला धातू हाच खरा. या चारही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणून तर ती टिकली. पण चारही एकत्र केली की जो निष्कर्ष निघतो तो साफ चुकीचा आहे.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू. 'ग्रामोफोन म्हणजे पितळ' हे आपल्या डोळ्यांत बसले ते एका चित्रामुळे. फ्रान्सिस बरॉड या इंग्रज चित्रकाराने निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र काढले, तेव्हा त्यात एडिसन पद्धतीचा, नळकांड्यावर वाजणारा फोनोग्राफ होता आणि त्याचा कर्णा काळा होता. चित्र अंधारलेले वाटते, ते जरा उजळ करावे, म्हणून 1899 साली बरॉड लंडनच्या ग्रामोफोन कंपनीकडे एक पितळी कर्णा उसना मागायला गेला. तिथला व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन म्हणाला, यंत्रच बदलून आमचा ग्रामोफोन काढा, चित्र आम्ही विकत घेतो. चित्राचे 50 पौंड आणि हक्कांचे 50 पौंड ठरले. बरॉडने जुन्या यंत्रावर नवे यंत्र रंगवले. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून उजेड पडला की खालच्या फोनोग्राफच्या रेषा अजूनही जाणवतात. म्हणजे ज्या चित्राने पितळी कर्णा अजरामर केला, त्यात तो यायचे कारण चित्रकाराला हवा असलेला उजाळा हे होते. पितळी कर्णे त्या काळी होतेच, पण काळ्या रंगाचे पत्र्याचे कर्णे, फक्त तोंडाकडचा घेर पितळेचा असलेले काळे कर्णे, फुलाच्या पाकळ्यांसारखे रंगवलेले कर्णे आणि लाकडी कर्णेही होते. चित्राने त्यातला एकच लक्षात ठेवायला लावला.

पुढे तर कर्णाच अदृश्य झाला. एल्ड्रिज जॉन्सनच्या व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने न्यू जर्सीतल्या कॅम्डेनहून 1906 साली व्हिक्ट्रोला बाजारात आणला. त्यात कर्णा कॅबिनेटच्या पोटात दडवलेला होता आणि दारे उघडून आवाज कमी-जास्त करता येत असे. यंत्राचे फर्निचर झाले. दिवाणखान्यात शोभेल अशा या लाकडी कपाटाला बिजागऱ्या, कुलूप, मुठी आणि टेकू लागले. आपला विषय असलेले धातूकाम जन्मले ते इथे.

हे धातूकाम कसे होते? व्हिक्टरची किंमतवार उतरंड पाहिली की उत्तर मिळते. 1910 च्या दशकाच्या पूर्वार्धात टेबलावर ठेवायचा व्हिक्ट्रोला 4 क्रमांकाचा नमुना 15 डॉलरला, 6 क्रमांकाचा 25 ला, 9 क्रमांकाचा 50 ला आणि उभ्या कॅबिनेटचा 16 क्रमांकाचा 200 डॉलरला मिळे. स्वस्त नमुन्यांवर निकेलचा मुलामा असे. 200 डॉलरच्या यंत्रावर सोन्याचा. खाली पितळ असो की पोलाद, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना दिसायचा तो मुलामाच. आता 15 डॉलरचे आणि 200 डॉलरचे, अशी दोन्ही यंत्रे बफवर धरा. दोन्ही सारखीच पिवळी होतात. एका घराने पंधरा डॉलरही जपून खर्च केले आणि दुसऱ्या घराने दोनशे उधळले, हा फरक त्या धातूवर नोंदला गेला होता. बफने ती नोंद पुसली. पहिले विधान इथेच कोलमडते: धातू पुष्कळदा पितळ होता, पण दिसायला पितळ नव्हता.

दुसरे विधान, काळे ते घाण. काही काळे खरोखरच घाण असते आणि ते काढायलाच हवे. पण त्या काळच्या अमेरिकन हार्डवेअरच्या कारखान्यांत काळेपणा मुद्दाम आणला जाई. पद्धत अशी: वस्तूवर आधी तांब्याचा थर चढवायचा. मग ती पोटॅशियम सल्फाइडच्या, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'लिव्हर ऑफ सल्फर'च्या, कोमट द्रावणात बुडवायची. गंधकाने तांबे आधी तपकिरी, मग काळे पडते. त्यानंतर प्यूमिस दगडाच्या भुकटीने उंचवटे हलके घासायचे. उंचवट्यांवर तांबूस छटा वर येते, खाचाखोचांत काळोख राहतो. शेवटी वरून लॅकरचा पातळ हात. अशा गडद धातूला 'ऑक्सिडाइज्ड' फिनिश म्हणत. मिशन शैलीच्या जाडजूड ओकच्या लाकडाला हे रूप जुळते, कारण ते ओकही तसेच रसायनाने मुरवलेले असे: बंद खोलीत अमोनियाच्या वाफेत लाकूड ठेवले की त्यातल्या टॅनिनमुळे ते काळसर तपकिरी होते. काळसर लाकूड आणि काळसर तांबे यांची जोडी बसवणाऱ्याला ती नेमकी हवी होती. आज एखादा उत्साही माणूस टूथब्रश घेऊन त्या मुठीच्या नक्षीतला काळा रंग खरवडतो, तेव्हा तो मळ काढत नसून कारखान्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या खोडत असतो. मळ आणि ऑक्सिडाइज्ड थर वेगळे ओळखायला फार विद्या लागत नाही. मळ असमान साचतो, बोटांच्या वाटेवर जास्त आणि कोपऱ्यांत थिजलेला. फिनिशमधला काळोख मात्र सगळ्या मुठींवर सारख्याच खाचांत, सारख्याच उताराने असतो.

तिसरे विधान सर्वांत फसवे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. नवे यंत्र चमकत होते; पण कोणती चमक? आज जी चमक आणली जाते ती तीन प्रकारे वेगळी आहे.

पहिला प्रकार निकेलचा. निकेलचा मुलामा धंद्याच्या पातळीवर चढवायची व्यवहार्य रीत बॉस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्सने 1869 च्या पेटंटने रुळवली. त्या रीतीने चढलेले निकेल टाकीतून निघताना मंद असे. त्याला चमक हाताने बफ करून येई. त्याचा रंग किंचित पिवळसर, उबदार करडा असतो. टाकीतूनच आरशासारखे बाहेर पडणारे निकेल रसायनांची भर घालून पुढे 1930 च्या दशकात रुळले. क्रोमचा मुलामा तर 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्यापारी पातळीवर नव्हताच. म्हणून 1912 च्या व्हिक्ट्रोलाच्या टोनआर्मवर निळसर, थंड झाक दिसली की समजावे, मधल्या काळात कोणीतरी 'नवे' केले आहे. मोटारीच्या बंपरची चमक दिवाणखान्यातल्या यंत्रावर चढली आहे. उलट 1931 पासून पुढे हजारोंनी निघालेल्या एचएमव्ही 102 या पोर्टेबलवर क्रोम असणे अगदी रास्त आहे. ते घासून कोणी खालचे निकेल किंवा पितळ उघडे केले, तर तोही तितकाच अनर्थ.

दुसरा प्रकार सोन्याचा. विजेने सोने चढवायची रीत 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांच्या पेटंटपासून रूढ झाली होती. फर्निचरवरच्या धातूला चढवायचा थर बहुतेकदा नुसती झळक देण्यापुरता असे. मायक्रॉनच्या हिशेबातही तो नगण्य. तो थर कशाने जातो हे कळायला टोनआर्मचे कोपर पाहावे. रोज सुई बदलताना जिथे अंगठा आणि तर्जनी टेकत, तिथला सोनेरी रंग विरून खालचे पितळ डोकावते. पण बोट न लागलेल्या खालच्या बाजूला सोने जसेच्या तसे. शंभर वर्षांच्या हातांनी जेवढे सोने नेले नाही, तेवढे बफचे चाक पहिल्याच फेऱ्यात नेते. आणि मग पिवळे दिसते म्हणून 'सोने परत आले' असे वाटते! पितळ आणि सोने शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो: सोने तांबूसपणाकडे झुकते, पितळ लिंबाच्या सालीकडे, आणि उघडे पितळ महिन्याभरात काळवंडू लागते.

तिसरा प्रकार लॅकरचा. जे धातूकाम खरोखर पितळेचेच होते, तेही उघडे सोडले जात नसे. 1880 च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅमिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचे लॅकर रुळले. त्याआधी स्पिरिटमधल्या लाखेचे वार्निश असे आणि पितळाला सोन्याची छटा द्यायला त्यात हळद किंवा केशर घातल्याच्या कृती जुन्या पुस्तकांत सापडतात. आपल्याकडची लाख त्या काळी तबकड्यांच्या पोटातही होती आणि धातूच्या पाठीवरही. मुद्दा असा की नव्या यंत्राची चमक हा एका पारदर्शक पडद्याचा गुण होता. पॉलिशने तो पडदाच खरवडून निघतो. त्यामुळे 'चमक परत आणली' हे वाक्यच मुळात उलटे आहे. जे चमकत होते ते गेले, आणि आता चमकतो आहे तो उघडा पडलेला धातू.

चौथे विधान, 'आतला धातू खरा'. या समजाचे मूळ आपल्या स्वयंपाकघरात आहे. देवघरातला तांब्या चिंचेने घासला की उजळतो, कारण तो आरपार तांबे आहे; वरचे गेले तरी खाली तेच. ग्रामोफोनच्या मुठीबाबत ही खात्री धरता येत नाही. छोटा लोहचुंबक लावून पाहा. अनेक बिजागऱ्यांना आणि टेकूंना तो चिकटतो. म्हणजे खाली पोलाद आहे, निकेल गेले की उरणार तो गंज. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या कितीतरी साउंडबॉक्सचे आणि टोनआर्मचे भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आहेत. त्या जस्तात शिसे किंवा कथिल अगदी थोडे मिसळले असले तरी कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होते, भाग फुगतो, तडकतो. या दोषावर उपाय म्हणून न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 मध्ये अधिक शुद्ध जस्तावर आधारलेले मिश्रधातू आणले. त्याआधीचे भाग मात्र जन्मजात दुखणेकरी. अशा भागावर चढलेला जुना मुलामा उतरवायला आम्लाच्या टाकीत सोडला, तर मुलाम्याआधी भागच विरघळू लागतो. तेव्हा 'आतला धातू खरा' म्हणणाऱ्यांनी आधी आतला धातू कोणता, ते सांगावे.

आता घरगुती उपायांकडे येऊ, कारण नुकसान फक्त बफनेच होते असे नाही. लिंबू आणि चिंच यांतले आम्ल पितळातले जस्त आधी ओढते. म्हणून वारंवार घासलेल्या पितळावर गुलाबी डाग दिसतात, ते उरलेले तांबे होय. बाजारातल्या द्रव पॉलिशांत परंपरेने अमोनिया आणि बारीक घासणारी भुकटी असते. भुकटी मुलामा कापते. अमोनिया तांब्याला विरघळवतो आणि ताणाखाली असलेल्या पितळाला आणखी एका रोगाची लागण करतो. त्या रोगाचे नाव आपल्याच पावसाळ्यावरून पडले. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या लष्करात पितळी काडतुसांचे खोके पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवले जात आणि काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि हवेतला दमटपणा यांनी, थंड अवस्थेत ठोकून आकार दिल्यामुळे आतून ताणलेले पितळ फुटत होते. त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणत. त्यामागचे कारण 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडले. ग्रामोफोनचा पितळी कर्णा किंवा ठोकून काढलेली नक्षीची चकती हे अशाच जातीचे काम. एकदा पुसल्याने त्याला तडा जात नाही, हे खरे. पण नक्षीच्या खाचांत पांढरी होऊन बसलेली पॉलिशची खडी आणि वर कोकणपट्टीचा पावसाळा, हा संयोग बरा नव्हे.

या खंडनावरून कोणी दुसऱ्या टोकाला जाऊ नये. 'काहीच करू नका, जुनेपणाची झाक हेच वैभव' असे म्हणणारा एक पंथ आहे, विशेषतः महागड्या लिलावांच्या आसपास. त्याचे म्हणणेही तपासायला हवे. हिरवा, पावडरीसारखा सुटणारा कळंक म्हणजे झाक नव्हे. ते चालू असलेले क्षरण आहे आणि समुद्राकाठच्या खारट हवेत ते थांबत नाही. पोलादी टेकूवरचा तांबडा गंज लाकडात उतरून डाग पाडतो. मधल्या कुठल्या मालकाने लावलेला तेलकट रंग, चिकटपट्टीचा गोंद, पॉलिशची जुनी खडी यांना जपण्यात कसली निष्ठा? शिवाय ग्रामोफोन वाजवायचे यंत्र आहे. मोटरची स्प्रिंग, गव्हर्नर, टोनआर्मचा सांधा हे भाग स्वच्छ, वंगण घातलेले हवेतच. तिथे झाक जपत बसणारा माणूस यंत्राचा गळा आवळतो. वयाचा मान आणि रोगाची उपेक्षा यांत गल्लत नको.

मग करायचे काय? माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येते: आधी मूळ फिनिश शोधायचे, मग ठरवायचे. शोध लागतो तो हात न पोचलेल्या जागी. किल्लीच्या चकतीचे दोन स्क्रू काढून ती उलटा. पाठीवर, स्क्रूच्या डोक्याखालच्या वर्तुळात, बिजागरीच्या दोन पात्यांच्या आतल्या अंगाला आणि साउंडबॉक्सच्या मागे मूळ थर बहुधा शाबूत सापडतो. स्क्रूकडेही पाहा. एका रेघेच्या खाचेचे स्क्रू त्या काळचे असू शकतात. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वी कारखान्यांत आलेला नव्हता. तो 1912 च्या कॅबिनेटवर दिसला, तर ती मूठ कधीतरी उतरवली गेली आहे आणि कदाचित ती मूळचीही नसेल. सुट्या भागांचे फोटो काढा, प्रत्येक स्क्रू कुठला ते चिठ्ठीवर लिहा. ही नोंद म्हणजे नंतरच्या माणसाला आपण दिलेला पुरावा.

थर सापडला की सौम्य उपायांपासून चढत्या क्रमाने जायचे. आधी कोरडा मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून कापसाच्या बोळ्याने पुसणे आणि लगेच कोरडे करणे. चरबटपणा राहिलाच तर व्हाइट स्पिरिट, तेही लाकडापासून भाग सोडवून आणि लॅकर टिकते का ते मागच्या बाजूला तपासून. अमोनिया, आम्ल आणि घासणारी भुकटी यांना इथे प्रवेश नाही. स्वच्छ झालेल्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात घडवलेले रेनेसाँ वॅक्स याच कामासाठी जगभर वापरले जाते. उघडे पितळच मूळ असेल, तर पॅरालॉइड बी-72 सारखे पुन्हा काढता येणारे लॅकर चालेल. 'पुन्हा काढता येणारे' हे शब्द महत्त्वाचे, कारण आपली मते उद्या चुकीची ठरली तर उद्याच्या माणसाला मागे फिरायला वाट हवी. बफला ती वाट नाही.

मुलामा पार गेलेला असेल तर? तेव्हा नव्याने चढवणे हा गुन्हा नाही. पण मूळचे काय होते ते आधी ठरवा. निकेल होते तिथे निकेल, आणि तेही बफ करून आणलेल्या जुन्या रंगाचे, क्रोम नव्हे. सोने होते तिथे सोने. गडद तांबे होते तिथे तांबे आणि गंधक. निदान एक मूळ भाग, किंवा एखाद्या चकतीची पाठ, न चढवता तशीच राखून ठेवा. जस्ताच्या भागांना टाकी दाखवण्यापेक्षा आहे तसे स्थिर करणे शहाणपणाचे.

एक आक्षेप उरतो, आणि तो बाजाराचा आहे. गिऱ्हाईकाला पिवळे हवे असते, म्हणून पिवळे करावे लागते. हे मान्य. मुंबईच्या चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे, नव्याने जुळवलेले ग्रामोफोन याच मागणीवर विकले जातात, आणि शोभेची वस्तू म्हणून ते घेणाऱ्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या पिवळेपणाला प्रमाण मानून अस्सल यंत्रांना त्याच्या साच्यात घालण्याशी. नक्कल अस्सलाचे माप ठरवू लागली की अस्सल वस्तू नकलेसारखी दिसेपर्यंत घासली जाते, आणि मग बाजारात दोघांत फरक करणारा पुरावाच उरत नाही. याचा तोटा शेवटी विकणाऱ्यालाही होतो, कारण मूळ फिनिश शाबूत असलेल्या यंत्राला जाणकार गिऱ्हाईक अधिक किंमत देतो. पॉलिश कोणालाही, केव्हाही करता येते, पण शंभर वर्षांपूर्वी कॅम्डेनमध्ये चढलेला सोन्याचा थर पुन्हा कोणालाच चढवता येत नाही.

तेव्हा यंत्र कारागिराच्या हाती देण्याआधी त्याला एवढेच विचारावे: 'बुवा, हा भाग मुळात कोणत्या रंगाचा होता, आणि ते तुम्ही कशावरून सांगता?' त्याने चकती उलटून दाखवली, तर यंत्र निर्धास्त सोपवावे. 'पितळच तर आहे' म्हणत तो बफकडे वळला, तर यंत्र उचलून घरी न्यावे.